शेजारच्या गावाची एसटी रिकामी का धावते?

लांब पल्ल्याची गाडी बंद झाली की बातमी होते. पंधरा-वीस किलोमीटरवरच्या दोन गावांमधली गाडी मात्र कुणाला पत्ता न लागता आटत जाते. आधी दुपारची फेरी जाते, मग रविवारची, मग संध्याकाळची. शेवटी शाळेच्या वेळेची एक फेरी उरते, तीही सुट्टीत बंद. आगारात विचारलं तर उत्तर ठरलेलं: "गाडीला माणसंच नाहीत." गावात विचारलं तर तिथलंही उत्तर ठरलेलं: "वेळेला गाडीच नाही, बसणार कशात?" दोघंही खरं बोलत असतात. गुंता नेमका कुठे पडतो आणि कोणत्या टोकाकडून सोडवायला घ्यायचा, ते बघू.

बोलायला एक खरा भूगोल हवा म्हणून भोर आणि शिरवळ घेऊ. भोर हे जुन्या संस्थानाचं गाव, पुणे जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. तिथे तहसील कचेरी, कोर्ट, बाजारपेठ, महाविद्यालय. शिरवळ सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात, पुणे–सातारा महामार्गावर. तिथे कारखाने, पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि सातारा-कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाड्या. दोन्हींमध्ये अंतर साधारण सोळा किलोमीटर. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर चालतं, म्हणजे हे तीन टप्पे झाले. मध्ये जिल्ह्याची हद्द येते आणि तिच्यासोबत एसटीच्या विभागाचीही: भोर आगार पुणे विभागात, शिरवळ सातारा विभागाच्या मुलखात. पुढचे प्रवाशांचे आणि रुपयांचे आकडे मात्र हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. भोर–शिरवळचा ताळेबंद म्हणून ते वाचू नयेत.

भारमान नावाचा आकडा

एखादी फेरी चांगली की वाईट हे एसटीत भारमानावरून ठरतं. गाडीत ४४ आसनं आहेत आणि ती १६ किलोमीटर जाते, म्हणजे तिने ७०४ 'आसन-किलोमीटर' विकायला काढले. त्यातले किती विकले गेले त्याची टक्केवारी म्हणजे भारमान. बारा जण भोरला बसून थेट शिरवळला उतरले तर १९२ विकले गेले, भारमान २७ टक्के. आता दुसरी फेरी बघा. चाळीस जण बसले, पण सगळे पहिल्या टप्प्याला, सहा किलोमीटरवर उतरले. त्यांचे २४० झाले, भारमान ३४ टक्के. कागदावर दोन्ही फेऱ्या सारख्याच मरतुकड्या दिसतात. प्रत्यक्षात पहिलीत बाकं रिकामी आहेत आणि दुसरीत सहा किलोमीटर जवळपास सगळी बाकं भरलेली आहेत. एकीचा उपाय दुसरीला लावला तर बिघाडच होणार.

म्हणून सरासरी भारमान ऐकून लगेच मत बनवू नये. वाहकाच्या तिकीट मशीनमध्ये प्रत्येक तिकीट कुठून कुठे काढलं याची नोंद असते. ती माहिती थांब्यागणिक काढून बघितली की गाडी कुठे भरते आणि कुठे ओस पडते, हे एका दुपारच्या कामात कळतं. माहिती आगारातच असते. ती या प्रश्नासाठी उघडून बघायचं कुणाला सुचत नाही, एवढंच.

त्यातही पासवाले नीट धरले गेलेत का, हे विचारावं. महिन्याचा पास काढणाऱ्या विद्यार्थ्यांना भाड्यात दोन तृतीयांश सवलत असते, बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळतो. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. या सवलतींची रक्कम राज्य सरकार महामंडळाला प्रतिपूर्ती म्हणून देतं. वाहकाच्या थैलीत मात्र ती दिसत नाही. अशा मार्गावर बसणारे बहुतेक विद्यार्थी, बायका आणि म्हातारी माणसं. नुसती थैली मोजली तर हा मार्ग आहे त्यापेक्षा किती तरी दरिद्री दिसतो.

संध्याकाळची फेरी कापली की सकाळची का ओसरते

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढा भाग तरी वाचा, कारण जवळच्या मार्गांचा जीव इथेच जातो.

आगार प्रत्येक फेरीचा हिशेब वेगळा मांडतं. प्रवासी मात्र फेरीचा विचार करत नाही. तो घरून निघून घरी परत येण्याचा विचार करतो. परतीची गाडी नसेल तर जाण्याच्या गाडीचा त्याला काडीचा उपयोग नाही.

समजा भोरहून संध्याकाळी सव्वासहाला एक गाडी शिरवळला जाते आणि सातला परत निघते. जाताना चार माणसं, येताना नऊ. तीन टप्प्यांचं भाडं ३० रुपये धरलं तर तेरा जणांचे ३९० रुपये आले. साधी डिझेल गाडी लिटरला चार-पाच किलोमीटर देते. बत्तीस किलोमीटरला सात लिटर, म्हणजे साधारण ६४० रुपयांचं डिझेल. कागद सांगतो, रोज अडीचशे रुपये तोटा, कापा. आणि फेरी कापली जाते.

आता ते तेरा जण कोण, ते बघा. परतीचे नऊ जण सकाळी भोरकडून शिरवळला गेले होते: कोणी कारखान्यात, कोणी दुकानात, कोणी पुण्याहून येणाऱ्या गाडीतून उतरून घराकडे निघालेलं. जाणारे चार जण सकाळी शिरवळहून भोरला आले होते. संध्याकाळची गाडी गेली की ते सकाळीही बसत नाहीत. तेरा जणांचे दोन वेळचे मिळून ७८० रुपये गेले. वाचले ६४०. म्हणजे २५० रुपयांचा तोटा थांबवायला गेलो आणि रोजचे १४० रुपये आणखी घालवले. हे सकाळच्या फेरीच्या खात्यावर पडतं म्हणून संध्याकाळची फेरी कापणाऱ्याला दिसत नाही. सहा महिन्यांनी दुसराच कोणी सकाळची फेरी काढून बघतो, भारमान घसरलेलं असतं, आणि तोही शहाणपणाचा निर्णय घेतो.

शिवाय हे झाले फक्त रोजचे. आठवड्यातून एखाद वेळी ज्यांना उशीर होतो, म्हणजे जादा काम, प्रॅक्टिकल लांबलं, दवाखान्यात रांग, अशांची संख्या यापेक्षा मोठी असते. ते एरवी साडेपाचच्या गाडीने परत येतात, पण चुकली तर सातची आहे या भरवशावर. तो भरवसा गेला की ते हप्त्यावर दुचाकी घेतात. दुचाकी दारात आली की मग साडेपाचची गाडीही नको वाटते.

म्हणून माझ्या मते मार्ग सुधारायची सुरुवात सकाळपासून करू नये. शेवटच्या परतीच्या गाडीपासून करावी. ती निम्मी रिकामी गेली तरी चालेल. बाकीच्या फेऱ्यांची तिकिटं तिच्यामुळे खपतात.

मग आगारं संध्याकाळची फेरी कापतात तरी का? यामागे डिझेलइतकंच ड्यूटीचं गणित असतं, आणि ते समजून न घेता आगार व्यवस्थापकाशी भांडण्यात अर्थ नाही. कामाच्या तासांची चौकट १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने घालून दिली; नोव्हेंबर २०२५ मध्ये तो नव्या कामगार संहितेत विलीन झाला. त्या चौकटीत चालक-वाहकाचं काम दिवसाला आठ तासांचं आणि मधली विश्रांती धरून सगळा पसारा बारा तासांच्या आत बसवावा लागतो. सकाळी साडेसहाला शाळेची फेरी करणारी जोडी संध्याकाळी साडेसातला चाकावर असू शकत नाही. म्हणजे संध्याकाळसाठी दुसरी जोडी हवी, आणि एका फेरीसाठी जोडी कोणी देत नाही. तिला दुपारी दोनपासूनचं काम मिळालं तरच ते बसतं. दुपारची फेरी 'माणसं नाहीत' म्हणून आधी कापलेली असेल तर संध्याकाळच्या जोडीला कामच उरत नाही. एक वीट काढली की वरची आपोआप ढासळते ती अशी.

मुक्कामी गाडी हा यावरचा एसटीचा जुना आणि हुशार तोडगा. संध्याकाळची शेवटची गाडी त्या टोकाच्या गावात रात्री थांबते आणि पहाटे तीच पहिली फेरी म्हणून निघते. रिकामं धावणं वाचतं, उशिराची गाडी मिळते, पहाटेचीही मिळते. पण चालक-वाहकाला झोपायला धड खोली, पाणी आणि संडास लागतो. कित्येक ठिकाणी मुक्कामी गाड्या याच साध्या गोष्टीवरून बंद पडल्या. ग्रामपंचायतीला गाडी हवी असेल तर निवेदनाच्या आधी खोलीला रंग द्यावा.

रिकामी गाडी उभी केली तर किती वाचतं?

एसटीचा प्रति किलोमीटर खर्च सांगितला जातो तेव्हा त्यात पगार, गाडीचा घसारा, आगाराचा आणि कचेरीचा खर्च सगळं येतं. वर्षाच्या ताळेबंदाला ते बरोबर आहे. पण दुपारी बारा ते दोन चालक, वाहक आणि गाडी तिघंही स्थानकात बसून असतील तर त्या वेळात एक फेरी केल्याने वाढतं काय? डिझेल, टायरची झीज, थोडं वंगण. पगार तर बसूनही द्यायचाच आहे. सोळा किलोमीटरच्या एका खेपेचं डिझेल सव्वातीनशे रुपयांच्या आत-बाहेर. तीस रुपयांची अकरा तिकिटं निघाली की ते सुटलं. याउलट, ज्या फेरीसाठी नवी गाडी आणि नवी जोडी लागते तिच्याकडून खूपच जास्त मागावं लागेल. दोन्हींना एकाच फुटपट्टीने मोजू नये.

'मोठी गाडी कशाला, लहान पाठवा' हा सल्ला नेहमी येतो. ऐकायला बरोबर वाटतो. पण लहान गाडीलाही चालक तितकाच लागतो, वाहकही तितकाच. वाचतं ते थोडं डिझेल. आणि सकाळी साडेसहाला शाळेची साठ पोरं उभी असतील तर लहान गाडी कामाची नाही. घाटातल्या अरुंद रस्त्याला, मोठी गाडी वळतच नाही अशा ठिकाणी ती जरूर द्यावी. तोटा कमी करायचा उपाय म्हणून तिच्याकडून फार आशा ठेवू नये.

भाडं कमी करण्याचंही तसंच आहे. देशोदेशीच्या अनुभवातून निघालेला एक ढोबळ आडाखा वाहतूकवाले वापरतात: भाडं दहा टक्के वाढलं तर प्रवासी साधारण तीन टक्के घटतात. कमी केल्यावरही फरक त्याच बेताचा. फेऱ्या दहा टक्के वाढवल्या तर मात्र प्रवासी हळूहळू पाचेक टक्के वाढतात. जिथे आधीच फेऱ्या अगदी विरळ आहेत तिथे याहून जास्त. थांब्यावर उभं राहून घालवलेलं एक मिनिट माणसाला गाडीत बसलेल्या दोन मिनिटांएवढं वाटतं, असंही हेच आडाखे सांगतात. ज्याने भर उन्हात फाट्यावर गाडीची वाट पाहिली आहे त्याला हे सांगायला अभ्यास लागत नाही. महिलांना अर्धं तिकीट केल्यावर राज्यभर एसटीत बायकांची गर्दी वाढली हे खरं. पण ज्या गावाला दुपारनंतर गाडीच नाही, तिथे अर्धं तिकीट असून काय करायचं?

आता वडापकडे बघू. सातारा-कोल्हापूरकडे वडाप, इतर ठिकाणी काळी-पिवळी, टमटम, सहा आसनी. टप्प्याटप्प्याने प्रवासी घेण्याचा परवाना यांच्याकडे बहुधा नसतो, स्थानकापासून दोनशे मीटरच्या आत उभं राहायला बंदी असते, आणि एसटी सुटायच्या पाच मिनिटं आधी त्या पुढे निघालेल्या असतात. कारवाईची मागणी योग्यच. पण मार्ग सुधारायला निघालेल्याने आधी या जीप मोजाव्यात. कोणत्या तासाला किती निघतात, कुठे भरतात, कुठे रिकाम्या होतात. गाडीला माणसं नाहीत असं म्हणताना त्याच रस्त्यावर तासाला चार वडाप भरून जात असतील, तर माणसं आहेत. वडापवाला कोणतंही सर्वेक्षण न करता मागणी कुठे आहे ते ओळखून बसलेला असतो.

वेळापत्रक लिहायचं कसं

स्थानकातल्या भिंतीवर रंगवलेला फलक असतो. भोर ६.४०, ९.०५, ९.२०, १२.५०, ४.१५, ५.३५ असं काहीतरी. त्यात ९.०५ आणि ९.२० शेजारी शेजारी का? तर एक या विभागाची, एक त्या विभागाची. दोघांनी आपापल्या सोयीने लावल्या. पंधरा मिनिटांत दोन गाड्या अर्ध्या अर्ध्या भरून जातात आणि पुढे साडेतीन तास काही नाही. नवी गाडी, नवा माणूस, नवा पैसा काहीही न आणता फक्त ९.२० ची गाडी ११ ला नेली तरी मार्ग दीडपट कामाचा होईल. त्यासाठी दोन विभागांच्या वाहतूक अधिकाऱ्यांनी एका टेबलाशी बसावं लागतं. रस्ता वाहतूक महामंडळ कायदा १९५० चा आहे. महामंडळाने धंद्याच्या तत्त्वाने चालावं, असं तो म्हणतो, आणि हेच कलम तोट्याच्या चर्चेत सगळ्यांना आठवतं. सेवा पुरेशी, काटकसरीची आणि नीट सांगड घातलेली असावी, असंही तोच कायदा म्हणतो. हे सहसा कुणी काढत नाही.

वेळा ठरवताना गाडी कधी मोकळी आहे ते आधी बघू नये. कारखान्याची पाळी कधी सुटते, महाविद्यालय कधी भरतं, कचेरीचं काम साधारण किती वाजता उरकतं, आठवडी बाजार कोणत्या दिवशी, हे आधी लिहून काढावं. तीनला पाळी सुटते आणि गाडी २.५० ला असेल, तर ती रिकामीच जाणार. दहा मिनिटांनी पन्नास प्रवासी हुकतात. शिरवळसारख्या महामार्गावरच्या गावी आणखी एक पाहावं लागतं: साताऱ्याहून, पुण्याहून येणाऱ्या गाड्यांशी जोड. लांबची गाडी स्थानकात आत येते की उड्डाणपुलावरून पुढे निघते, आणि प्रवासी कुठे उतरतो? तो पुलाखाली उतरत असेल तर भोरच्या गाडीने तिथे थांबायला हवं. स्थानकात ती कितीही वेळेवर असली तरी त्याला उपयोग नाही.

जमेल तिथे वेळा लक्षात राहतील अशा ठेवाव्यात. दर तासाच्या किंवा दर दोन तासांच्या ठरावीक मिनिटाला, जसं ७.१०, ९.१०, ११.१०. स्वित्झर्लंडने १९८२ साली देशभराच्या रेल्वेला हीच शिस्त लावली. तिथल्या पैशाशी आपली तुलना नको, पण या एका गोष्टीला पैसा लागत नाही. फलक न बघता म्हातारीला सांगता यावं की गाडी दहाव्या मिनिटाला असते.

मार्ग किती वळणं घेतो हाही वादाचा मुद्दा. प्रत्येक वाडीला गाडी आत हवी असते. रस्त्यापासून दीड किलोमीटर आत असलेल्या वाडीला जाऊन यायला दहा मिनिटं जातात. आत तीन माणसं चढणार आणि गाडीत पंचवीस बसलेली, तर तिघांची वीस-वीस मिनिटांची चाल वाचवायला पंचवीस जणांची दहा-दहा मिनिटं जातात. सकाळ-संध्याकाळच्या कामाच्या गाड्या सरळ न्याव्यात, दुपारची एखादी फेरी वाड्या घेत न्यावी. दुपारी घाई कमी असते, बसणारे वयस्क असतात आणि त्यांना चालवत नाही. सरपंचांना हे पटवणं कठीण जातं, तरी पटवावं.

आणि फेरी रद्द होऊ देऊ नये. जवळच्या फेऱ्या आगाराच्या लेखी सगळ्यात स्वस्त असतात. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या, गणपतीत कोकणच्या, लग्नसराईत करारावरच्या, किंवा नुसता चालक आला नाही, की आधी हीच गाडी काढली जाते. दर आठवड्याला एक फेरी न सांगता बुडाली तर रोजचा प्रवासी महिन्यातून चार वेळा कामावर उशिरा पोचतो. चार वेळा कोणता मालक ऐकून घेईल? म्हणून आगाराकडे दहा फेऱ्यांचं आश्वासन मागण्यापेक्षा सहाच मागाव्यात, पण न चुकणाऱ्या. आणि सणाच्या दिवसांत गाडी जाणार असेल तर ते आठ दिवस आधी फलकावर आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यावं.

मागणी घेऊन जाताना 'गाडी सुरू करा' एवढंच लिहिलेलं निवेदन फाइलला लागतं आणि तिथेच राहतं. ग्रामसभेचा ठराव, दोन्ही बाजूंच्या कोणत्या वेळेला किती माणसं जातात त्याची मोजणी, कारखान्याच्या पाळ्यांच्या वेळा, महाविद्यालयातल्या पासवाल्यांची यादी आणि सध्याच्या वेळापत्रकात नेमका कोणता बदल हवा तो एका पानावर, असं नेलं तर बोलणं पुढे सरकतं. छोटा बदल आगार व्यवस्थापकाच्या पातळीवर मार्गी लागू शकतो. दोन विभागांचा प्रश्न असेल तर विभाग नियंत्रकांकडे जावं लागेल. २०२४ मध्ये महामंडळाने 'प्रवासी राजा दिन' सुरू केला, त्यात विभाग नियंत्रक आगारात बसून तक्रारी ऐकतात. भोरच्या माणसांनी पुण्यात आणि शिरवळच्या माणसांनी साताऱ्यात तोच कागद त्याच आठवड्यात द्यावा.

नव्या वेळा सुरू करायच्या त्या शाळा उघडतात तेव्हा, जूनच्या मध्यात. पास तेव्हा निघतात, रोज कसं जायचं हेही घरोघरी तेव्हाच ठरतं. एप्रिलमध्ये सुरू करून मे महिन्यात भारमान मोजलं तर कोणतीही फेरी नापास होईल. पहिले दोन-तीन महिने आकडा वर जाणार नाही हे धरूनच चालावं, कारण दुचाकीवर गेलेला माणूस पावसाळाभर गाडी वेळेवर येताना बघतो आणि मग एखाद दिवशी बसून पाहतो. दिवाळीच्या सुट्टीचे दिवस वगळून डिसेंबरअखेर मोजणी करावी. ती करताना संध्याकाळच्या फेरीशेजारी सकाळच्या फेरीचा आकडाही मांडावा, म्हणजे कोणामुळे कोण भरतंय ते एकाच कागदावर दिसेल.